पोच

साताऱ्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून घरी येवो की सुभेदार म्हणून, एस.टी.च्या टपावरून त्याची काळी ट्रंक खाली उतरली की गावाच्या तोंडी तो मेजर. आमच्या निगडीच्या वसाहतीतले मेजरकाका प्रत्यक्षात हवालदार होते, आणि हे ते प्रत्येक नव्या माणसाला न चुकता सांगायचे. "मेजर म्हणा, माझी ना न्हाय. पण रँक हवालदार. ईएमई. व्हेईकल मेकॅनिक." ईएमई म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी फौजेची शाखा. न मिळालेली बढती त्यांना कुणाच्या तोंडूनही नको असायची.

२०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले. सत्त्याहत्तरावं चालू होतं. माण तालुक्यातलं कोरडवाहू गाव, १९६६ साली भरती, सिकंदराबादला ट्रेनिंग, पंधरा वर्षं फौज. मग १९८२ पासून टेल्को, चोवीस वर्षं, २००६ साली निवृत्ती. कंपनीचं नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झालं, पण निगडी-आकुर्डीत ज्यांच्या घरी त्या पगारावर चूल पेटली त्यांच्या तोंडी अजून टेल्कोच आहे, म्हणून मीही तेच लिहिते. माझे बाबा त्यांच्याच शॉपमध्ये होते आणि आमची दारं समोरासमोर.

ते गेले तेव्हा वसाहतीच्या फलकावर खडूने लिहिलं होतं : माजी सैनिक, निवृत्त कामगार, सामाजिक कार्यकर्ते. पहिले दोन शब्द बरोबर होते. तिसऱ्यापाशी मी अडले. तो शब्द वाईट नाही, पण त्यात व्यासपीठ आहे, माईक आहे, सत्कार आहे. मेजरकाकांना मी कधी माईकसमोर पाहिलं नाही. त्यांनी पस्तीसेक वर्षं आमच्या चार गल्ल्यांची देखभाल केली. गाडीची करतात तशी. याला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

फौजेत रोज सकाळी गाडीची फर्स्ट परेड होते. गाडी त्या दिवशी जाणार असो वा नसो, ड्रायव्हर आणि मेकॅनिक तिच्याभोवती एक फेरी मारतात. टायरमधली हवा, इंजिनाचं तेल, रेडिएटरमधलं पाणी, फॅनबेल्टचा ताण, चाकांचे नट. वाटेत थांबा आला की हॉल्ट परेड, रात्री लास्ट परेड. दिसेल ते लिहून ठेवायचं. लिहिलेलं दुरुस्त झालं की नोंद बंद करायची. बंद न झालेली नोंद घेऊन गाडी बाहेर काढायची नाही. हे सगळं मला त्यांनीच समजावलं, आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून, तळहातावर बोटाने गाडी काढून दाखवत.

सकाळची त्यांची फेरी म्हणजे हीच फर्स्ट परेड. पहिली पाळी असेल तेव्हा बस पकडण्याआधी, पाच वाजता. दुसरी असेल तर सावकाश, सात वाजता. खाकी हाफपँट, पायात कॅनव्हासचे बूट, खिशात पेन आणि छोटी डायरी. कुठल्या खांबावरचा दिवा बंद, कुठल्या चेंबरचं झाकण डुगडुगतंय, कुठल्या व्हॉल्व्हमधून पाणी झिरपतंय, घंटागाडी कुठवर आली आणि कुठून वळली. घरी येऊन ते डायरीतलं फुलस्केप वहीत उतरवायचे. पाच रकाने पट्टीने आखलेले : तारीख, काय दिसलं, कुणाला कळवलं, आवक क्रमांक, काम झालं. अशा तेवीस वह्या त्यांच्या कपाटात आहेत. मी मोजल्या.

पहिला अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला तेव्हा मी सहावीत होते. माझं अक्षर बरं होतं आणि त्यांचं, त्यांच्याच शब्दांत, ग्रीस लागल्यासारखं. कोपऱ्यावरच्या दिव्याचा अर्ज होता. निबंधाच्या सवयीने मी लिहिलं की अंधारामुळे नागरिकांची प्रचंड गैरसोय होत असून महिलावर्गात भीतीचे वातावरण पसरले आहे. काकांनी वाचलं आणि दोन ओळींवर रेघ मारली. "खांबाचा नंबर काय? किती रात्री दिवा बंद हाय? तेवढं लिही. प्रचंड काढून टाक. प्रचंड म्हटलं की साहेब वाचायचा थांबतो."

मग ते मला बरोबर घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले. आवक-जावकच्या टेबलावर अर्जाची एक प्रत दिली आणि दुसरी पुढे धरली. "पोच द्या." कारकुनाने न बघता शिक्का मारला, आकडा लिहिला, तारीख टाकली. काकांनी तो कागद शाई वाळेपर्यंत हातात तसाच धरून ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, पोच नसंल तर आपण आलोच नव्हतो." मला वाटलं होतं शाबासकी मिळेल, पण ते पुढच्या कामाच्या विचारात होते. आज माझी नोकरी कागदांचीच आहे. इतक्या वर्षांत एकही अर्ज मी पोच न घेता कुठे दिलेला नाही.

सहा दिवसांनी दिवा लागला. संध्याकाळी काकांनी हाक मारली, "वही घेऊन ये. पत्र लिहायचंय." मला कळेना, दिवा तर लागला. ते म्हणाले, "म्हणून तर." मग मी लिहिलं : आपल्या कार्यालयाकडे अमुक तारखेस दिलेल्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जानुसार खांबावरील दिवा दुरुस्त झाला आहे. लाइनमनने काम नीट केले. नोंद बंद करावी. हे पत्रही आवक-जावकला गेलं, त्याचीही पोच आली. टेबलावरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, यात मागणी काय आहे? काका म्हणाले, "काही न्हाय. काम झालं एवढं कळवायला आलो."

तक्रार करणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. काहीजण फार चिकाटीची होती, त्यांच्यामुळे रस्ते झाले, नाले झाकले गेले. पण काम झाल्यावर तेवढ्याच गांभीर्याने परत जाऊन "झालं" म्हणून सांगणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. यात नुसतं सौजन्य नव्हतं. नोंद उघडी राहणं त्यांना सोसत नसे. आणि ज्याने खांबावर चढून दिवा लावला त्या माणसाचं काम कुठल्यातरी कागदावर यावं, ही त्यांची मनापासूनची तळमळ होती. वसाहतीतले जुने लाइनमन, व्हॉल्व्हमन, आरोग्य कोठीवरचे मुकादम त्यांना बघून सायकलवरून उतरायचे ते त्यामुळेच.

लढाईबद्दल त्यांना विचारलं की ते एकच गोष्ट सांगायचे. १९७१ चा डिसेंबर. तोफखान्याच्या एका रेजिमेंटबरोबर जोडलेल्या छोट्या दुरुस्ती तुकडीत ते होते, शकरगढच्या बाजूला. एका शक्तिमान ट्रकची क्लच प्लेट गेली. त्या गाड्या जबलपूरच्या कारखान्यात जर्मन परवान्यावर बनायच्या आणि काकांना त्यांचा प्रत्येक बोल्ट पाठ होता. पण रात्र होती आणि उजेड करायला बंदी. गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीखाली दोघंजण, बॅटरीच्या काचेला कापड बांधलेलं. एक जण नट काढून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायचा आणि दोघं मिळून हळू आवाजात मोजायचे. पहाटेपूर्वी गाडी ताफ्यात गेली. गोष्ट इथं संपायची. शत्रू नाही, गोळी नाही. शाळेतल्या कार्यक्रमात त्यांनी हीच गोष्ट सांगितली तेव्हा मुलं हिरमुसली होती.

त्या गोष्टीतला एक तपशील मात्र मी विसरत नाही. काळोखात ताफा चालायचा तेव्हा पुढचे दिवे बंद. मागच्या गाडीने पुढचीला ओळखायचं कसं? तर प्रत्येक ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांमधल्या त्या गोळ्याला, पांढरा रंग दिलेला असतो, आणि त्याच्यावर खाली बघणारा एक बारीक दिवा. विमानाला तो दिसत नाही. मागच्या ड्रायव्हरला दिसतो फक्त एक पांढरा ठिपका, आणि त्याच्यामागे तो रात्रभर चालत राहतो. काका टेल्कोत ट्रकच्या लाइनवर असताना लष्कराची ऑर्डर आली की त्या पांढऱ्या गोळ्यावर हात फिरवून यायचे, असं बाबा सांगायचे.

बाबांचं आणि त्यांचं मधली सहा वर्षं बोलणं नव्हतं. १९८९ चा टेल्कोचा संप पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या घरांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. दोन संघटना, एकाच जिन्यातली दोन मतं. सप्टेंबरात हजारो कामगार पुण्याला शनिवारवाड्यासमोर बेमुदत उपोषणाला बसले, त्यात बाबा होते. काका नव्हते. फौजेतून आलेल्या माणसाला काम बंद करणं जमायचं नाही आणि तसं ते स्पष्ट म्हणाले होते. बाबांच्या बाजूच्या लोकांनी त्यांना दिलेल्या शिव्या मी जिन्यात ऐकल्या आहेत. कोण बरोबर होतं याचा निवाडा मी करत नाही. बाबांच्या मागण्या पोटाच्या होत्या आणि काकांची शिस्त त्यांच्या हाडांत होती.

एका पहाटे पोलिसांनी उपोषणाची जागा रिकामी केली, माणसं गाड्यांत भरून नेली. घरोघरी बायका दारात उभ्या. कोण कुठे आहे, कुणालाच पत्ता नाही. त्या दिवशी काकांनी रजा टाकली. सायकल काढली, मग पीएमटी, मग पायी. रात्री परत आले तेव्हा त्यांच्या डायरीत आमच्या वसाहतीतल्या सगळ्या गेलेल्या माणसांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे, त्याला कुठं नेलंय ते. शेवटच्या दोन नावांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह केलं होतं आणि त्या दोन घरी ते स्वतः जाऊन सांगून आले की उद्या शोधतो. आईला म्हणाले, "वहिनी, ते धडधाकट हायत. शर्ट आणि टॉवेल द्या बांधून." बाबा परत आल्यावर त्यांना हे कळलं. तरीही ते काकांशी बोलले नाहीत. माझे बाबा चांगले होते, पण त्या बाबतीत ते चुकले, आणि पुढे त्यांनीच ते कबूल केलं.

ते कबूल केलं १९९५ च्या जुलैत. आमच्या कोपऱ्यावरच्या चेंबरचं बिडाचं झाकण चोरीला गेलं होतं. चार दिवसांपूर्वी अर्ज दिला होता, पोचही होती, पण झाकण आलं नव्हतं. माझी आजी भाजी घेऊन येताना त्याच कडेवर पाय मुरगळून पडली होती. त्या रात्री पाऊस असा लागला की रस्ता आणि गटार एकच झालं. भोकावर ठेवलेली झाडाची फांदी वाहून गेली. काका दुसऱ्या पाळीवरून साडेअकराला आले, बसमधून उतरले, त्यांनी पाणी पाहिलं आणि तिथंच उभे राहिले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात बॅटरी. दुसऱ्या पाळीच्या बसा अजून यायच्या होत्या, माणसं सायकलींवरून सुटायची होती. ते प्रत्येकाला बॅटरी दाखवून बाजूने काढत होते.

काकू वरून हाका मारत होत्या की जेवून घ्या. खालून उत्तर आलं, "बदली आल्यावर."

आम्ही खिडकीत होतो. बाबा बराच वेळ बघत होते. कारखान्यात नियम असतो, पुढच्या पाळीचा माणूस मशीनपाशी येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने मशीन सोडायचं नाही. साडेबाराच्या सुमाराला बाबा उठले, छत्री घेतली, खाली गेले. काकांच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "बदली आलोय." काकांनी बॅटरी त्यांच्या हातात दिली. सहा वर्षांतली ती पहिली वाक्यं. जेवून काका परत खाली गेले ते गेलेच, आणि उजाडेपर्यंत दोघं तिथं होते. काय बोलले ते आम्हाला कधी कळलं नाही. सकाळी नऊला माणसं झाकण घेऊन आली. दहा वाजता मी शाळेत जायच्या आधी "काम झालं"चं पत्र लिहून दिलं.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा धीर सुटायचा. दिवा आठ दिवस बंद राहिला तर ते शांतपणे स्मरणपत्र लिहायचे. व्हॉल्व्ह गळताना दिसला की त्यांचा आवाज चढायचा. १९७२ च्या उन्हाळ्यात ते लढाईनंतरच्या पहिल्या सुट्टीवर गावी गेले होते. दहिवडीला एस.टी.तून उतरले तेव्हा गणवेश कडक इस्त्रीचा, छातीवर रिबन. घरी कुलूप. आई कुठे म्हणून विचारलं तर कुणीतरी रस्त्याच्या दिशेला हात केला. ती माळावर खडी फोडत होती. सुट्टीतले पुढचे दिवस ते स्वतः तिच्याबरोबर खडी फोडत होते. पाऊस त्या वर्षीही आला नाही. पुढच्या सुट्टीत गेले तर दुष्काळी कामं गावोगाव लागली होती, आई अजून खडीवरच होती आणि मुलांना सुकडी वाटली जात होती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर बराच वेळ हाताकडे बघत बसले.

पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून आमच्या नळाला येतं, हे त्यांनी वसाहतीतल्या प्रत्येक मुलाला नकाशा काढून शिकवलं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा आमच्याकडे त्रागा फार झाला. काका बोलले नाहीत. त्यांनी सगळ्या टाक्यांचे फ्लोट तपासले. एकवीस टाक्यांपैकी सात भरून वाहत होत्या. वायसर त्यांनी स्वतः आणले, स्वतः बसवले, बहात्तराव्या वर्षी शिडीवर चढून. मग वहीत सात नोंदी, सात वेळा "काम झालं".

निवडणुकीला उभं राहा म्हणून वेगवेगळ्या पक्षांची माणसं त्यांच्याकडे येऊन गेली. त्यांनी प्रत्येकाला चहा दिला. एकदा मी विचारलं, का नाही म्हणता? म्हणाले, "आज मी अर्ज दिला की लाइनमन खांब बघतो. उद्या उभा राहिलो की झेंडा बघंल." माहितीच्या अधिकाराबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. २००५ चा कायदा आला, दहा रुपयांत आणि तीस दिवसांत उत्तर मिळू लागलं. तो त्यांनी तीन-चारदाच वापरला. "तो जॅक हाय. गाडी अडकली की लावायचा. रोज जॅकवर गाडी चालत न्हाय." यावर आमचा वाद व्हायचा. मला अजूनही वाटतं की काही ठिकाणी जॅक त्यांनी लवकर लावायला हवा होता. एका रस्त्याच्या कामात दोन वर्षं केवळ स्मरणपत्रांत गेली.

मतदार यादी हा त्यांचा खास प्रांत. मी अठरा पूर्ण केल्यावर त्यांनी स्वतः नमुना ६, म्हणजे यादीत नाव घालण्याचा अर्ज, आणून माझ्यापुढे ठेवला, आणि १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं तेव्हा माझं नाव यादीत आहे याची खात्री त्यांनी माझ्याआधी केली होती. लग्न होऊन आलेली सून, भाड्याने आलेलं कुटुंब, नावातली वेलांटी चुकलेला म्हातारा, सगळ्यांचे फॉर्म त्यांच्याकडे. आणि कुणी गेलं की तेराव्यानंतर, चौदाव्या दिवशी नाही, थोडं थांबून, ते त्या घरी जायचे आणि नमुना ७ भरून घ्यायचे. नाव वगळण्याचा. लोकांना हे चमत्कारिक वाटायचं. काही जण रागवायचेही, इतकी कसली घाई म्हणून. काका मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणी बोट काळं करू नये. एवढ्यासाठी."

नोव्हेंबर महिना त्यांच्या घरी गर्दीचा. हयातीच्या दाखल्याचा महिना. आसपासच्या माजी सैनिकांच्या बायका, त्यातल्या बऱ्याचशा आता एकट्या, आपापल्या पिशव्या घेऊन यायच्या. पिशवीत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बँकेचं पुस्तक, नवऱ्याचं डिस्चार्ज बुक. एकीच्या बाबतीत मी पाच वर्षं टंकलेखन केलं. लग्नानंतर बदललेलं तिचं नाव नवऱ्याने युनिटमध्ये कधी नोंदवलंच नव्हतं. अशा बदलाची फौजेत नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली नव्हती. रेकॉर्ड ऑफिसात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नवरा गेल्यावर सरकारच्या लेखी ती त्याची बायको ठरेना. शपथपत्रं, गावच्या पोलीस पाटलाचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सिकंदराबादचं रेकॉर्ड ऑफिस, प्रयागराजचं पेन्शन कार्यालय. पाचव्या वर्षी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, थकबाकीसकट. तिने पेढे आणले. काकांनी एक पेढा अर्धा करून खाल्ला आणि तिला बसवून सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवायचं पत्र सांगायला सुरुवात केली : आपल्या पत्रानुसार निवृत्तिवेतन जमा झाले आहे.

आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. निगडीत तिचं स्वागत होतं. वसाहतीतली सगळी माणसं राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाणी घेऊन उभी असायची. काका दिंड्यांच्या मागे येणाऱ्या ट्रकांकडे असायचे. पान्हे, ग्रीसगन, फॅनबेल्ट, हवेचा मीटर. जुना टाटा १२१० आला की लांबूनच आवाज ओळखायचे. पंढरपूरपर्यंतची चाल, रोटी घाट पुढेच. ते गाडीखाली आडवे व्हायचे, ब्रेक बघायचे. विदर्भातल्या एका दिंडीचा चालक दरवर्षी त्यांना शोधत यायचा. निघताना वारकरी त्यांच्या पाया पडायचे आणि ते त्या वारकऱ्यांच्या. हात तेलकट, म्हणून मनगटाने नमस्कार.

एवढं सगळं लिहिलं आणि काकूंबद्दल अजून काहीच लिहिलं नाही, हेच खरं तर त्यांच्या आयुष्यात झालं. काका गेल्यावर वह्या लावताना त्या मला म्हणाल्या, "तेवीस वह्यांत माझं नाव एकदा पण न्हाई. बघ शोधून." त्या रागाने बोलल्या नाहीत. पण मी खरंच शोधलं, आणि नव्हतं. नोव्हेंबरातल्या त्या बायकांना जेवू घालणारी ती. पहाटे पाचच्या फेरीआधी साडेचारला चहा ठेवणारी ती. टेल्को कामगारांच्या घरच्या बायकांसाठी असलेल्या गृहिणी संस्थेत कामाला जाऊन दोन मुलांची फी भरणारी ती, कारण वायसर, झाकणं, झेरॉक्स, प्रवास हे सगळं काकांच्या पगारातून आणि पेन्शनीतून जायचं. जुलैच्या त्या रात्री मी बाबांना बदली म्हणून जाताना पाहिलं. काकूंना कधी कुणी बदली दिली का, हा प्रश्न मला काका असताना सुचायला हवा होता.

त्यांचं शेवटचं दुखणं लांबलं नाही. सप्टेंबरात फेरी अर्ध्यावर यायला लागली, मग फाटकापर्यंत, मग खिडकीपर्यंत. खिडकीतून दिसणारे दोन खांब ते रात्री बघून ठेवायचे आणि मला फोन करायचे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, प्रशासक होते, अर्ज मोबाइलवर जायला लागले होते. तक्रारीचा टोकन क्रमांक आला की मी तो त्यांना वाचून दाखवायचे आणि ते तो वहीत लिहायचे. शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात आहे : दुसरा खांब, दिवा चालू-बंद होतो. पाचवा रकाना रिकामा.

ते गेले त्यानंतर महिन्याभराने, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान होतं. दरवेळी आमच्या केंद्रावर पहिलं मत त्यांचं असायचं. सात वाजता दार उघडायच्या आधी ते इस्त्रीचा शर्ट घालून उभे असायचे. मी गेले तेव्हा आठ वाजले होते. टेबलापाशी बसलेल्या प्रतिनिधीने माझं नाव शोधण्यासाठी यादीचं पान उलटलं. आमच्या इमारतीचं पान. माझ्या चार ओळी वर त्यांचा फोटो होता. त्या मुलाने पट्टी माझ्या नावावर सरकवली आणि सहज विचारलं, "तुमच्या इथले मेजर अजून नाही आले का?"

मी सांगितलं. त्याने त्या ओळीवर पेन्सिलने बारीक खूण केली.

निवडणुकीनंतर मी महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणला आणि नमुना ७ घेऊन बसले. सगळे रकाने मला पाठ होते, त्यांनीच शिकवलेले. नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक. कारण : मृत्यू. अर्जदाराचं नाव, अर्जदाराची सही. आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या बीएलओ बाई अंगणवाडीत शिकवतात, त्यांच्याकडे नेऊन दिला. त्यांनी वाचला, थोडा वेळ तसाच हातात धरला, आणि बाजूला ठेवून दिला. मी खाली लोंबणारा कागद दाखवला. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि फाडून माझ्या हातात दिला.

घरी आले तर काकू दारातच बसल्या होत्या, मांडीवर तेविसावी वही.

"पोच घेतलीस?" त्यांनी विचारलं.